भाकीत तापाच्या आधी हवं

नेफ्रॉटिक सिंड्रोम हा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मुलाला ताप आला की डॉक्टरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. हा साधा विषाणूचा ताप आहे, की जिवाणूंनी शरीरात शिरकाव केला आहे? पहिलं असेल तर पॅरासिटामॉल आणि दोन दिवस लक्ष ठेवणं पुरतं. दुसरं असेल तर त्याच दोन दिवसांत मूल हातचं जाऊ शकतं. म्हणून या मुलांमधला जिवाणूसंसर्ग आधीच कसा ओळखता येईल, यावर जगभर काम चालू आहे. रक्ताच्या तीन-चार तपासण्या, वय, सूज, चालू औषधं या सगळ्यांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि धोका किती ते सांगायचं, असा तो प्रयत्न. आता त्यात संगणकाला शिकवून तयार केलेली मॉडेलंही आली आहेत.

हे काम मोलाचं आहे, यात मला शंका नाही. पण हे भाकीत कोणत्या दिवशी करायचं आणि ते झाल्यावर कुणी काय करायचं, हा प्रश्न त्यात मागे पडतो. माझं म्हणणं असं की तापाच्या दिवशी केलेलं भाकीत आपल्याकडच्या बहुतेक मुलांसाठी उशिराचं असतं. ते अंगावर सूज दिसली त्या दिवशी व्हायला हवं. त्यासाठी लागणारं ज्ञान आपल्याकडे अनेक दशकांपासून आहे, आणि त्यातलं पहिलं साधन तर गावच्या उपकेंद्रातच पडून आहे.

हा आजार शेजारपाजारी कुणाला असल्याशिवाय सहसा माहीत नसतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून एरवी प्रथिनं बाहेर पडत नाहीत. या आजारात ती पडू लागतात. रक्तातलं अल्ब्युमिन घसरतं, पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं आणि मूल सुजतं. सुरुवात बहुधा डोळ्यांपासून होते. सकाळी पापण्या फुगलेल्या, संध्याकाळपर्यंत ओसरलेल्या. ॲलर्जी म्हणून डोळ्यांत थेंब घालण्यात आठवडा जातो, मग पाय, पोट आणि मुलग्यांमध्ये अंडकोषही सुजतात. लघवीला फेस येतो. बहुतेक मुलं दोन ते सहा वर्षांची, त्यात मुलगे मुलींच्या जवळपास दुप्पट. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं की शंभरातली ८५ ते ९० मुलं काही आठवड्यांत सुधारतात. इंडियन सोसायटी ऑफ पेडियाट्रिक नेफ्रॉलॉजीच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पहिल्या वेळी सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे दिवसाआड गोळ्या द्यायच्या.

पण आजार तिथे संपत नाही. सुधारलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना तो पुन्हा उलटतो, काहींना वर्षातून तीन-चार वेळा. आईवडील रोज सकाळची पहिली लघवी पट्टीवर तपासतात, किंवा परीक्षानळीत उकळून तिचा गढूळपणा बघतात, आणि डायरीत प्रथिनांचं प्रमाण लिहितात: निल, ट्रेस, एक प्लस, दोन प्लस. सलग तीन दिवस तीन प्लस किंवा त्याहून जास्त आलं की रिलॅप्स. वर्षानुवर्षं ही नोंद ठेवणारी घरं आहेत. ज्यांच्या शाळेतल्या वह्यासुद्धा जपून राहिल्या नाहीत, त्यांच्या घरी मुलाच्या लघवीची डायरी नीट असते. या लोकांच्या नोंदींवर आपली आरोग्यव्यवस्था काहीच उभारत नाही, हे मला फार लागतं.

आता जिवाणूंकडे येऊ. लघवीतून फक्त अल्ब्युमिन जात नाही. संसर्गाशी लढणारी आयजीजी नावाची प्रतिपिंडंही जातात, आणि जिवाणूवर खूण करून त्याला पांढऱ्या पेशींच्या हवाली करणाऱ्या यंत्रणेतला फॅक्टर बी हा घटकही जातो. न्यूमोकॉकससारख्या कवचधारी जिवाणूंना मारायला नेमकं हेच लागतं. पोटात साचलेलं पाणी म्हणजे जिवाणूंना वाढायला मोकळी जागा. ताणलेल्या कातडीला साधी चीर पडली तरी आत शिरायला वाट मिळते. शिवाय उपचार म्हणून दिलेली औषधं, म्हणजे स्टिरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस, रिटुक्सिमॅब, हीच प्रतिकारशक्ती दाबतात. त्यामुळे या मुलांना पोटाच्या आवरणाचा दाह, न्यूमोनिया, कातडीखालचा संसर्ग आणि लघवीचा संसर्ग इतर मुलांपेक्षा कितीतरी सहज होतो. न्यूमोकॉकस हा यातला जुना शत्रू, पण ई. कोलायसारखे आतड्यातले जिवाणूही मागे नाहीत.

प्रतिजैविकं येण्याआधी हा आजार झालेली निम्म्याच्या आसपास मुलं दगावत, आणि त्यातली बरीचशी संसर्गाने. १९३०च्या दशकाच्या शेवटी सल्फा औषधं आली, १९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं, १९५०च्या दशकात स्टिरॉइड आली, आणि चित्र पालटलं. तरी संसर्ग पूर्ण हटला नाही. या आजारातल्या सर्वांत सौम्य प्रकाराच्या मुलांचा आंतरराष्ट्रीय पातळीवर दीर्घकाळ मागोवा घेतला गेला. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात ३८९ मुलांपैकी दहा दगावली होती, आणि त्या दहापैकी सहांचं कारण संसर्ग होतं. मूत्रपिंड निकामी होऊन नव्हे. जो आजार औषधाने आटोक्यात येतो, त्यात मूल वाटेतच गाठणारा शत्रू हा आहे.

मग तापाच्या दिवशी तो ओळखायला इतका अवघड का जातो? कारण आपण ज्या खुणांवर भिस्त ठेवतो त्या बहुतेक सगळ्या या मुलांमध्ये खोटं बोलतात. स्टिरॉइड चालू असताना ताप दबतो. पोटाच्या आवरणाला दाह झाला तर पोट लाकडासारखं कडक व्हायला हवं, पण स्टिरॉइडवरच्या मुलाचं पोट मऊ राहू शकतं. उलट रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपून रक्ताचं आकारमान कमी झालं, तरी पोट दुखतं आणि हातपाय गार पडतात, म्हणजे संसर्ग नसताना संसर्गासारखं दिसतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, पण त्या स्टिरॉइडनेही वाढतात. ईएसआर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी किती वेगाने खाली बसतात तो आकडा, तर या आजारातच वाढलेला असतो. अल्ब्युमिन कमी आणि फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन जास्त असल्यावर तो दुसरं काय सांगणार? तरी गावोगावच्या लॅबमधून ताप आलेल्या सुजलेल्या मुलाच्या कागदावर ईएसआरचा आकडा ठळकपणे येतो, आणि त्यावरून निर्णय होतात.

सीआरपी ही दाह मोजणारी रक्ततपासणी त्यापेक्षा बरी, पण तिला चढायला बारा तासांच्या आसपास वेळ लागतो आणि कमाल पातळी दुसऱ्या दिवशी येते. जिवाणूसंसर्गात रक्तात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन चार ते सहा तासांत चढू लागतं आणि जिवाणू व विषाणू यांत फरक करायला अधिक उपयोगी पडतं. म्हणून बहुतेक नव्या गुणपद्धतींत त्याला मान आहे. अडचणी दोन. मूत्रपिंडाचं काम खरोखर मंदावलेल्या मुलांमध्ये, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात किंवा डायलिसिसवर, ते संसर्गाशिवायही थोडं वाढलेलं असतं, त्यामुळे नेहमीची सीमारेषा चालत नाही. आणि ही तपासणी महाग आहे. मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये हजार-दोन हजार रुपये मोजून ती होते. तालुक्याच्या ठिकाणी ती बहुधा होतच नाही.

पोटातलं थोडं पाणी सुईने काढून तपासणं हा खरा भरवशाचा मार्ग. दर घनमिलिमीटरमध्ये शंभराहून जास्त पांढऱ्या पेशी, आणि त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल या प्रकारच्या, असं दिसलं की आवरणाचा दाह धरून सेफोटॅक्झिम किंवा सेफ्ट्रायाक्झोन हे प्रतिजैविक सुरू करायचं. साधी सूक्ष्मदर्शकाची तपासणी आहे. पण सुई घालायला हात सरावलेला लागतो आणि रात्री आठनंतर सूक्ष्मदर्शकावर बसणारं कुणी लागतं.

म्हणजे तापाच्या रात्री हाती असतं ते इतकंच: फसव्या खुणा आणि दूरच्या तपासण्या. गुणपद्धतीवाले म्हणतील, म्हणूनच तर अनेक कच्च्या खुणा एकत्र करून एक पक्का आकडा काढायचा. बरोबर आहे. पण तो आकडा जिथे वापरायचा, तिथे त्याचा अर्थ काय होतो ते एकदा मांडून बघू. समजा, एक चांगली गुणपद्धती आहे. जिवाणूसंसर्ग असलेल्या शंभर मुलांतली ८० ती ओळखते, आणि संसर्ग नसलेल्या शंभरांतल्या ८० जणांना ती बरोबर मोकळं करते. मोठ्या रुग्णालयात ताप आलेली अशी १०० मुलं आली. तिथे आधीच गाळून आलेली गंभीर मुलं येतात, म्हणून त्यातल्या ३० जणांना खरोखर संसर्ग आहे असं धरू. पद्धत २४ ओळखेल, ६ निसटतील, आणि उरलेल्या ७० पैकी १४ जणांना उगाच संसर्ग ठरवेल. हीच पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रात नेली, जिथे १०० पैकी १० जणांनाच संसर्ग आहे. आता ८ सापडतील, २ निसटतील, आणि १८ जणांना उगाच शिक्का बसेल. धोका आहे असं ज्या २६ जणांना सांगितलं त्यातल्या १८ जणांबाबत पद्धत चुकली. आकडे कल्पित आहेत, पण गणित खरं आहे. एका ठिकाणी कसलेली पद्धत दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उतरत नाही.

आणि निसटलेले ते दोघे? मुंबईत परळला राहणाऱ्या मुलाला घरी पाठवलं आणि रात्री बिघडलं, तर टॅक्सीने अर्ध्या तासात ते पुन्हा रुग्णालयात असतं. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो आणि जिल्ह्याचं ठिकाण दीडशेहून अधिक किलोमीटरवर असतं. नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आधी डांबरी रस्त्यापर्यंत मुलाला उचलून आणावं लागतं. एकाच गुणसंख्येचे हे तीन अर्थ आहेत. पॉकर आणि कॅसिरर या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ साली उपचार कधी सुरू करावा याची एक सरळ रीत मांडली होती. उपचार न दिल्याने होणारं नुकसान आणि उगाच दिल्याने होणारं नुकसान यांच्या प्रमाणावर तो उंबरठा ठरतो. एक चुकलेलं निदान दहा अनावश्यक इंजेक्शनांइतकं महाग मानलं, तर संसर्गाची शक्यता अकरात एक असतानाच उपचार सुरू करणं योग्य ठरतं. चुकण्याची किंमत अंतराबरोबर वाढते. म्हणून उंबरठाही अंतराबरोबर खाली यायला हवा. रुग्णालयापासून मूल किती तासांवर राहतं, हा घटक अल्ब्युमिनच्या बरोबरीने धोक्याच्या हिशेबात धरला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

संगणकाच्या मॉडेलांबद्दल उत्साह आहे, त्यावर एक खरी घटना सांगतो. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत एपिक या कंपनीचं सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अवयव बिघडण्याची अवस्था, ओळखणारं मॉडेल बसवलेलं होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या रुग्णालयातल्या प्रौढ रुग्णांवर ते स्वतंत्रपणे तपासलं आणि २०२१ साली निष्कर्ष छापले. सेप्सिस झालेल्या रुग्णांपैकी दोनतृतीयांश मॉडेलला सापडलेच नव्हते, आणि तरीही भरती झालेल्या शंभरातल्या अठरा रुग्णांवर त्याने धोक्याची घंटा वाजवली होती. श्रीमंत देशातल्या, सगळ्या नोंदी संगणकावर असलेल्या रुग्णालयातली ही गोष्ट. लहान मुलांच्या सेप्सिससाठी २०२४ साली फीनिक्स निकष आले, ते अमेरिका, कोलंबिया, बांगलादेश, चीन आणि केनिया इथल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून तयार झाले. भारतातली मुलं त्यात नाहीत. शिवाय ते निकष अवयव बिघडू लागल्यावर निदान पक्कं करण्यासाठी आहेत, आधी सावध करण्यासाठी नाहीत.

म्हणून मी सुजेच्या दिवसाकडे वळतो. या मुलांना धोका वर्षभर सारखा नसतो. रिलॅप्समध्ये, लघवीतून प्रथिनं जात असताना, पोटात पाणी असताना तो एकदम चढतो, आणि रिलॅप्स ओसरला की उतरतो. रक्तातलं अल्ब्युमिन डेसिलिटरला दीड ग्रॅमच्या खाली गेलेलं मूल पोटाच्या दाहाच्या बाबतीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त धोक्यात असतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणजे धोक्याची खिडकी कधी उघडते ते आपल्याला ठाऊक आहे. ती उघडल्याचं आई पट्टीवर बघते आणि डायरीत लिहिते. ताप त्यानंतर काही दिवसांनी येतो किंवा येत नाही. हे मधले दिवस आपण वाया घालवतो.

ते दिवस वापरायचे कसे? अल्ब्युमिनचा नमुना रिलॅप्स ठरला त्याच दिवशी घ्यावा. ताप नसल्याने रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला तरी चालतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने बाहेर पाठवण्याची सोय आपल्याकडे आहे. अल्ब्युमिन फार खाली असेल, पोटात पाणी असेल आणि घर लांब असेल, तर डॉक्टरांनी त्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यावं: वजन, स्टिरॉइडचा डोस आणि ते किती दिवस चालू आहे, रुग्णालयाला पोहोचायला लागणारा वेळ, आणि ताप, पोटदुखी, उलटी, सुस्ती किंवा कातडीवर लाल गरम चट्टा यांपैकी काहीही झालं तर थेट कुठे जायचं. तो कागद दाखवल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सेफ्ट्रायाक्झोनचा पहिला डोस देऊन, १०८ बोलावून पुढे पाठवायची मुभा असावी. शक्य तिथे आधी कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखण्यासाठी, रक्ताचा नमुना घ्यावा.

त्याच कागदावर दोन गोष्टी ठळक हव्यात, कारण त्यांनीही जीव जातात. एक, ताप आला म्हणून स्टिरॉइडची गोळी अचानक बंद करायची नाही. दीर्घकाळ स्टिरॉइडवर असलेल्या मुलाच्या अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी, झोपलेल्या असतात. आजारपणात त्याला उलट जास्तीचं स्टिरॉइड लागू शकतं. ‘औषध गरम पडलं’ म्हणून गोळी थांबवणारी घरं आहेत, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कुणी समजावलेलंच नसतं. दोन, तापावर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड द्यायचं नाही. आधीच कमी रक्तावर चालणाऱ्या मूत्रपिंडाला ती औषधं घातक ठरू शकतात.

आता त्या उपकेंद्रातल्या साधनाबद्दल. गरोदर बाईच्या तपासणीत नर्सबाई लघवीतलं अल्ब्युमिन आणि साखर पट्टीवर बघतात. ती पट्टी नेफ्रॉटिक मुलाच्या आईच्या हातातल्या पट्टीचीच बहीण. म्हणजे गावात आजार ओळखण्याचं साधन पोहोचलेलं आहे, ते फक्त मुलांसाठी वापरलं जात नाही. सकाळी डोळे सुजलेलं दोन ते दहा वर्षांचं कुठलंही मूल दिसलं की लघवीत एक पट्टी बुडवायची, एवढा आदेश निघाला तरी पहिलं निदान आठवडाभर आधी होईल. मेळघाटात आणि नंदुरबारमध्ये याचं महत्त्व दुहेरी आहे. तिथे पाय सुजलेलं मूल दिसलं की कुपोषणाची सूज समजली जाते, आणि बऱ्याचदा ती तशीच असते. पण काहींची सूज मूत्रपिंडाची असते, आणि कुपोषण म्हणून आहार देत राहिल्यास नेमका संसर्गाच्या धोक्याचा काळ निघून जातो. मुलांची आजारांसाठी तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३च्या फेब्रुवारीत पालघरमधूनच झाली. ३० आजारांच्या त्याच्या मूळ यादीत हृदयाचा संधिवाती विकार आहे, झटके आहेत, दमा आहे. नेफ्रॉटिक सिंड्रोम नाही. तो त्यात घालायला हवा.

लसीचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. कुठल्या मुलाला न्यूमोकॉकसचा धोका आहे हे रोग्याच्या नावासकट माहीत असताना लस न देणं म्हणजे भाकीत करून ते फाडून टाकणं. न्यूमोकॉकसची संयुग लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सार्वत्रिक लसीकरणात आली, ही मोठी गोष्ट आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा प्रकारांवरची लस २०२०च्या डिसेंबरमध्ये आली तेव्हा किमतीची अडचण पुष्कळ कमी झाली. पण ही लस दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांच्या बाळाला मिळते. त्याआधी जन्मलेली बरीच मुलं तिच्याविना राहिली, आणि त्यातली काही आज नेफ्रॉटिकच्या यादीत आहेत. शिवाय या आजारात दोन वर्षांपुढे २३ प्रकारांवरची पॉलिसॅकराइड लसही द्यायला सांगितली आहे, दरवर्षी फ्लूची लसही. या दोन्ही सरकारी कार्यक्रमात नाहीत. आईवडिलांना त्या बाजारातून विकत घ्याव्या लागतात, आणि ज्यांचा महिन्याचा खर्च आधीच औषधांवर वाकलेला आहे ते ती चिठ्ठी पाकिटात तशीच ठेवतात.

या मुलांची संख्या किती? पाश्चात्त्य देशांत दरवर्षी लाख मुलांमागे दोन ते सात नवी मुलं, दक्षिण आशियात त्याहून जास्त. एका जिल्ह्यात ती शेकड्यांत मोजण्याइतकीच असतील. त्यांच्यासाठी जिल्हा रुग्णालयात या दोन लसी ठेवणं हा राज्याच्या तिजोरीला जाणवण्यासारखा खर्च नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना भरती झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. पण हा आजार बाह्यरुग्ण विभागातला आहे. पट्ट्या, गोळ्या, लसी, रक्ताच्या तपासण्या, एसटीचं भाडं या सगळ्यांत घर खचतं, आणि मूल संसर्गाने अत्यवस्थ होऊन अतिदक्षता विभागात गेलं की मग योजना धावून येते. पट्टीसाठी पैसे नाहीत आणि व्हेंटिलेटरसाठी आहेत, हा हिशेब उलटा आहे.

माझ्या मांडणीवर एक गंभीर आक्षेप आहे. उंबरठा खाली आणला तर प्रतिजैविकांचा वापर वाढेल, आणि आपल्या देशात जिवाणू औषधांना आधीच दाद देईनासे झाले आहेत. आक्षेप खरा आहे. नेफ्रॉटिक मुलांमध्येच सेफ्ट्रायाक्झोनला न जुमानणारे ई. कोलाय वाढले तर पहिल्या डोसचा अर्थच राहणार नाही. म्हणून मी पहिला डोस मागतो आहे, सात दिवसांचा कोर्स नाही. पुढच्या रुग्णालयात ४८ तासांत कल्चर कोरं आलं, पोटातल्या पाण्यात पेशी नाहीत आणि मूल खेळू लागलं, तर औषध थांबवायचं. आणि गुणपद्धतींचा खरा उपयोग मला इथे दिसतो. कुणाचं औषध सुरू करायचं हे सांगण्यापेक्षा कुणाचं निर्धास्तपणे थांबवता येईल हे त्यांनी सांगावं. प्रोकॅल्सिटोनिनही तिथे, भरती असलेल्या मुलाचं औषध थांबवताना, पैसे वसूल करून देईल. रोज प्रतिबंधक म्हणून प्रतिजैविक देत राहण्याला मात्र माझा विरोध आहे. त्याचा फायदा नीट सिद्ध झालेला नाही. संसर्ग टाळण्याच्या उपायांवरचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेचा २०१२चा आढावा वाचला तर चीनमधल्या लहान-लहान चाचण्यांपलीकडे फारसं काही हाती लागत नाही, आणि त्यांचा दर्जाही बेताचा. इतक्या जुन्या शत्रूबद्दल आपलं ज्ञान इतकं तोकडं राहावं, हे बालरोगशास्त्राला शोभणारं नाही.

दुसरा आक्षेप असा येईल की प्राथमिक आरोग्य केंद्रावर आधीच कामाचा ढीग आहे. आहे. पण वर्षात एका केंद्राच्या वाट्याला अशी दोन-चार मुलं येतील. त्यांची नावं माहीत असतील, डायऱ्या त्यांच्या घरी असतील. आशाताईंना त्या घराची वाट माहीत असेल. सगळ्या गावाची छाननी करायला मी सांगत नाही.

आणि नोंद. इथल्या मुलांसाठी इथलं भाकीत हवं असेल, तर इथल्याच मुलांच्या नोंदी लागतील. वाडिया, केईएम, ससून अशा मोठ्या रुग्णालयांत पोहोचलेल्या मुलांवरून बांधलेली पद्धत न पोहोचलेल्या मुलांबद्दल काही सांगू शकत नाही, आणि आपल्याला काळजी आहे ती न पोहोचलेल्यांची. त्यासाठी अवाढव्य संगणकप्रणाली नको. रिलॅप्स कधी सुरू झाला, त्या दिवशीचं अल्ब्युमिन किती, ताप किती वाजता आला, मूल डॉक्टरांसमोर किती वाजता आलं, प्रतिजैविकाचा पहिला डोस किती वाजता गेला, कल्चरमध्ये काय उगवलं, आणि मूल घरी गेलं का. एवढे सात रकाने पुरतात. लस झाली की नाही हा आठवा. जिल्हा रुग्णालयांच्या बालरोग विभागांनी हे रकाने येत्या पावसाळ्याआधी आपल्या केसपेपरवर छापून घ्यावेत. नदीपलीकडच्या गावांतल्या नेफ्रॉटिक मुलांची यादी करून त्यांच्या लसी रस्ते उघडे असतानाच पूर्ण कराव्यात.